चार बोटं कमी

गुढीपाडव्याच्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता मी आत्याच्या गच्चीवर उभा होतो. एका हातात तांब्याचा गडू, दुसऱ्या हातात फोन, खांद्यावर आत्याची मोरपंखी जरीची साडी, गळ्यात साखरेची गाठी आणि कडुनिंबाची डहाळी काखेत. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, यंदा या घरानं मलाच उभारायचं ठरवलंय.

सगळं होतं, फक्त काठी नव्हती.

"उभारलीस का रे गुढी?" फोनवर आत्या विचारत होती. ती आणि काका पहाटेच कोरेगावला एका वास्तुशांतीला गेले होते.

"उभारतोच आहे."

"आत्ता? लोकांचे नैवेद्य दाखवून झाले! उठलास कधी?"

"आत्या, काठी कुठंय?"

"काठी काकांनी झाडाला आधाराला नाही का बांधली? काल चारदा सांगितलं, कोपऱ्यावरून नवी घेऊन ये म्हणून."

कोपऱ्यावर मी गेलो होतो. काठीवाला सगळ्या काठ्या विकून, स्वतःच्या घरची गुढी उभारून, जेवायला बसला होता.

"बरं, कुठूनतरी बघ. दाराला गुढी नाही असं चालायचं नाही," आत्या म्हणाली. मग मागून काकांचा आवाज आला. "त्याला सांग, झाडाला हात लावू नकोस म्हणावं. जास्त बघूसुद्धा नकोस."

ते झाड म्हणजे पाइन. बंगल्याच्या कोपऱ्यात, भिंतीपासून दोन फुटांवर, गच्चीच्याही वर माझ्या डोक्याइतकं गेलेलं, हिमालयातलं चिडाचं झाड. साताऱ्यात कुणी त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हटलं की काका त्या माणसाला चहा विचारत नसत.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि आत्याकडे राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होतो. म्हणजे पुस्तकं साताऱ्यात होती आणि मीही साताऱ्यात होतो. आता चौदा वर्षांनी मी लोकांच्या बागा लावून द्यायचं काम करतो. पण त्या दिवसापर्यंत मला झाडांविषयी एवढंच माहीत होतं की ती हिरवी असतात आणि आपल्याला बाहेर थांबायला लागलं तर सावलीला बरी पडतात.

या झाडाची हकिकत मला आत्यानं सांगितली होती, कारण काका त्यावर बोलत नसत. त्या पाडव्याच्या अकरा वर्षं आधी काका आणि शेजारचे तोडकर अण्णा दोघे जोडीनं कुलू-मनालीला गेले होते. काका म्हणजे रघुनाथराव खटावकर, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त. तोडकर एसटीचे वाहतूक नियंत्रक. आयुष्यभर स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारलेले. दोघांची शाळेपासूनची, एकमेकांना रघ्या-गज्या म्हणण्यातली दोस्ती. येताना काकांनी पाण्याची बाटली मधोमध कापून तिच्यात वीतभर रोप आणलं, दोन दिवस रेल्वेत मांडीवर धरून. लावायच्या वेळी तोडकर कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले, "रघ्या, हे साताऱ्यात जगतंय व्हय? आन जगलंच तर माझ्या टाकीच्या वर काय जायचं न्हाई."

तोडकरांच्या गच्चीवर तेव्हा नुकतीच पाण्याची नवी काळी टाकी बसली होती.

दोन दिवस मांडीला मुंग्या आलेल्या माणसाला असं बोलायला नको होतं. काका म्हणाले, "ज्या दिवशी हे तुझ्या टाकीच्या वर जाईल ना, त्या दिवशी तुझ्याशी बोलेन. तोवर नाही."

काकांचा अंदाज होता, तीन वर्षं. झाडानं पहिली दोन वर्षं काहीच केलं नाही. गवताच्या जुडीसारखं नुसतं बसून राहिलं. पण काका शब्दाचे पक्के होते आणि तोडकर कमीपणा घेणाऱ्यातले नव्हते. अशी अकरा वर्षं गेली.

अगदीच अबोला होता असंही नाही. तोडकरांना काही सांगायचं असलं की ते गच्चीवर येऊन हवेत पुकारा करत. "कृपया इकडं लक्ष द्या. उद्या नळाला पानी येनार न्हाई." काका ते न ऐकल्यासारखं करून हंडे भरून ठेवत. काकांना काही सांगायचं असलं की ते तोडकरांच्या मांजराला सांगत. मांजर ते नीट पोचवत नसे, पण तोडकर मांजराच्या मागं उभे असत.

झाडाची सेवा मात्र राजेशाही होती. पाणी आठवड्यातून एकदाच, कारण पाइनच्या मुळांना ओल सोसत नाही. खाली पडलेल्या सुया झाडायच्या नाहीत, तेच त्याचं पांघरूण. त्या सुया आत्याच्या पापडांत सापडत. चहाचा चोथा सगळा झाडाला. जवळपास चुना चालायचा नाही, म्हणून घराची ती एक भिंत अकरा वर्षं बिनरंगाची होती. दर रविवारी मोजणी. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन काका गच्चीवर जात आणि झाडाचा शेंडा टाकीच्या झाकणापेक्षा किती खाली आहे ते बघत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी केलेल्या जादा मोजणीत, ते अंतर चार बोटं होतं.

आणि घाई होती. तोडकरांच्या मुलानं नागपूरला फ्लॅट घेतला होता. अण्णा आणि त्यांची बायको शैलाकाकू कायमचे तिकडे निघाले होते. ट्रक शनिवारी सकाळी दहाला येणार होता. फाल्गुन-चैत्रात पाइनच्या शेंड्यावर मेणबत्तीसारखा फिकट, कोवळा कोंब फुटतो आणि दिवसाला बोटभर चढतो. काकांनी कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: शुक्रवार सायंकाळ – बरोबर. शनिवार सकाळी सहा – अर्धं बोट वर. सात ते दहा – बोलणे.

अकरा वर्षांचं बोलणं त्यांनी तीन तासांत बसवलं होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी त्या सकाळी जे केलं ते केलं, कारण मला ते तर्काला धरून वाटलं. काठी झाडाला बांधलेली. म्हणजे काठी आहे, फक्त तिच्या शेजारी एक झाड आहे. झाड काठीपेक्षा सरळ आहे आणि काठीपेक्षा उंचही आहे. मग गुढी काठीवर उभारली काय नि झाडावर काय? मी कठड्यावर स्टूल टेकवलं, साडी चुण्या करून बांधली, डहाळी खोचली, शेंड्यावरच्या कोवळ्या कोंबाच्या टोकाशी गाठीचे वेढे दिले आणि त्या वेढ्यांवर गडू अलगद उपडा ठेवला.

तो इतका छान बसला, जणू मापानं केलेला. जरीकाठ वाऱ्यावर उडत होता. खालून दूधवाला जाता जाता सायकल थांबवून नमस्कार करून गेला.

साधारण साडेदहाला तोडकर टाकीतलं पाणी बघायला त्यांच्या गच्चीवर आले. त्यांची गच्ची आमच्या गच्चीपासून हाकेच्याही अलीकडे, कुजबुजीच्या अंतरावर. त्यांनी टाकीचं झाकण उचललं, पाणी बघितलं, झाकण ठेवलं आणि मान वर केली. टाकीच्या वर चांगला दोन-तीन बोटं आमचा गडू चमकत होता.

अण्णांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला.

"काय रं, तुषार."

"काय अण्णा?"

"गेलं म्हनायचं."

"काय गेलं?"

"झाड. टाकीच्या वर."  मग ते स्वतःशीच मान हलवायला लागले. "आन रघ्यानं त्याच्यावर गुढी उभारली. बरुबर हाय. उभारायलाच पायजे. जिंकला की गडी!"

त्या क्षणी मी खरं सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "पाडव्याच्या शुभेच्छा, अण्णा."

"हाय का रघ्या घरात?"

"कोरेगावला गेलेत. पाचपर्यंत येतील."

"मंग पाचला येतो. गुढी उतरायच्या टायमाला." ते वळले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन स्टँडवरच्या आवाजात पुकारले, "शैला! बासुंदी कर! जास्तीची!"

खालून शैलाकाकू ओरडल्या, "तुम्हाला साखर चालत नाही!"

"मला न्हाई! रघ्याला!"

खाली कसलंसं भांडं पडल्याचा आवाज आला.

मी जेवलो. जेवण गेलं नाही, म्हणजे दोनच वेळा वाढून घेतलं. जसजसा विचार करत गेलो तसतसं लक्षात आलं की मी काय करून बसलोय. काका म्हणजे सख्ख्या भावाच्या शेतावर मोजणीला जाऊन नियमाप्रमाणे भावाचा बांध हातभर आत सरकवून आलेला माणूस. गडूची उंची ते झाडाच्या खात्यात धरणं शक्यच नव्हतं. पाचला तोडकर बासुंदी घेऊन येणार, काका नळी घेऊन येणार, आणि मोजून म्हणणार, नाही, चार बोटं कमी. मग अण्णा ती बासुंदी घेऊन परत जाणार. त्या माणसानं शनिवारी पुन्हा जिना चढून यावं अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

म्हणून मी ठरवलं. आत्ताच गडू उतरवायचा, तोडकरांकडे जायचं आणि सांगायचं, अण्णा, चूक माझी आहे, झाड अजून चार बोटं खाली आहे, तुम्ही शनिवारी सकाळी सातला या. माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रामाणिक बेत होता.

दुपारी साडेतीनला मी पुन्हा स्टुलावर चढलो. साडी निघाली. डहाळी निघाली. गाठी मात्र उन्हानं वितळून वरच्या फांद्यांवर पाकासारखी ओघळली होती आणि गडू कोंबावर खाली सरकला होता. मुंग्या आल्या होत्या. आणि गडूच्या आत तो पाक नि पाइनचा चिकट डिंक यांनी मिळून अशी काही युती केली होती की गडू हलेना. मी थोडा फिरवला. थोडा ओढला.

आवाज अगदी बारीक आला. काकडी मोडावी तसा.

गडू माझ्या हातात आला. आत डोकावलो. तळाशी वीतभर कोंब उभा होता, ताजा, सरळ, मुंग्यांसकट. माझ्यासमोर झाडाला शेंडाच नव्हता. पाच आडव्या फांद्या होत्या आणि मधे एक ओला, वाटोळा डाग.

"मोडलंस?"

तोडकर त्यांच्या गच्चीवर उभे होते. पाच वाजायला दीड तास असताना त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"अण्णा," मी म्हणालो, आणि मग सगळं एका दमात बाहेर पडलं. "अण्णा, ते वर गेलंच नव्हतं. चार बोटं कमी होतं. गडूमुळं तुम्हाला वाटलं. काठी नव्हती म्हणून मी झाडावर… काकांना माहीत नाही. शनिवारी जाणार होतं वर. आता वीतभर आणखी कमी झालं."

अण्णा वळले. जिन्यात नाहीसे झाले. मला वाटलं, बासुंदी बंद करायला गेले. दोन मिनिटांत ते आमच्या गच्चीच्या दारात उभे होते. हातात छत्रीची एक काडी, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि जुन्या धोतराची चिंधी.

"सरक तिकडं," ते म्हणाले आणि साठी उलटलेला तो माणूस घोड्यावर बसावा तसा कठड्यावर पाय टाकून बसला.

"अण्णा, पडाल."

"गप. गडू ठेव खाली आन ही काडी धर." ते पाची फांद्यांवरचे कोवळे कोंब एकेक करून बोटांनी चाचपत होते. "शेंडा गेला की झाडाला दुसरा म्होरक्या द्यावा लागतो. न्हाई दिला तर पाचीच्या पाची वर पळत्यात आन झाडाचा खराटा हुतो. त्यातला जो जरा मस्तीला आलाय त्यो घ्यायचा, हळूच उभा करायचा, काडीला बांधायचा. बाकीच्या चारांची डोकी निम्म्यानं खुडायची. म्हंजी त्यांना कळतं, साहेब कोन हाय."

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

 दातात चिंधी धरून ते गाठ मारत होते.

नेमकी तेव्हा फाटकाची कडी वाजली. कोरेगावचं जेवण लवकर आटपलं होतं. काकांना गच्चीवर यायला एक मिनिटही लागलं नाही, कारण त्यांनी रस्त्यावरूनच बघितलं होतं की झाड बुटकं झालंय आणि त्याच्यावर तोडकर बसलेत.

काका जिन्याच्या दारात थांबले. त्यांच्या कपाळावर वास्तुशांतीचं गंध होतं. पाठीमागं आत्या.  अण्णांच्या तोंडात चिंधी होती, काकांच्या तोंडात अकरा वर्षं. मग मी सांगितलं. काठी, गडू, पाक, काकडी. काही वगळलं नाही. काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते अण्णांच्या हाताकडे बघत होते.

"तुषार," शेवटी ते म्हणाले, "त्यांना सांग, गाठ सैल मार म्हणावं. कोंब जाड होईल, आवळेल."

अण्णा दीड हातावर होते. मी त्यांना सांगितलं, "अण्णा, गाठ सैल मारा. कोंब जाड होईल, आवळेल."

"त्याला सांग, म्हनूनच ट्यूब आनलीय. तानती ती."

"काका, म्हणूनच ट्यूब आणलीय. ताणते."

"सांग, काडी गंजेल."

"अण्णा, काडी—"

"ऐकलं मी. सांग त्याला, गंजू दे. मागची गंजली न्हाई."

मी ते काकांना पोचवलं. मग मलाच कळलं की मी काय पोचवलं. काकांनाही कळलं.

"मागची म्हणजे?" काका मला म्हणाले. "विचार त्यांना. मागची म्हणजे कधीची?"

अण्णांनी गाठ पुरी केली. उरलेल्या चार कोंबांपैकी एकाचं डोकं नखानं खुडलं आणि झाडाकडेच बघत बोलायला लागले. "सांग त्याला, पाचव्या वर्षी हे दोघं चारधामला गेलते. इकडं शेळी शिरली. शेंडा खाल्ला. मी नर्सरीत जाऊन इचारून आलो आन बांधला. महिन्यानं, हे यायच्या आदल्या दिवशी, काडी काढून घेतली. कंबरेइतक्या उंचीवर बघ म्हनावं, खोड जरासं वाकून परत सरळ झालंय."

काका सावकाश कठड्याजवळ आले आणि वाकून खाली बघायला लागले. ते वाकण सगळ्या गल्लीला माहीत होतं. काका लोकांना सांगत, साताऱ्याच्या वाऱ्याचा परिणाम.

"अगं बाई," मागून आत्या म्हणाली, "म्हणून परत आल्यावर ते वीतभर कमी भरलं होतं! यांनी टेप खोटा म्हणून फेकून दिला, नवा आणला!"

"आन दुष्काळाच्या साली पानी कोन घालत हुतं, ते पन सांग," अण्णा म्हणाले.

"त्याला पाणी आठवड्यातून एकदाच लागतं," काका मला म्हणाले.

"म्हाईत हाय! दर मंगळवारी घातलं!"

"मी दर बुधवारी घालत होतो."

हे ते मला सांगत होते की अण्णांना, हे मला कळलं नाही, म्हणून मी पुढं पाठवलं नाही. काकांनी टाकीकडे बघितलं. झाडाकडे बघितलं. छत्रीच्या काडीला बांधलेला तो नवा कोंब टाकीच्या झाकणापेक्षा हातभर खाली होता आणि अण्णांचा पांढरा शर्ट डिंकानं भरला होता.

"त्यांना सांग…" काकांनी सुरुवात केली आणि थांबले.  पुन्हा सुरुवात केली.

"गज्या, कठड्यावरून उतर. पडलास तर शैलावहिनी माझ्या नावानं ओरडतील."

अण्णा उतरले. दोघं समोरासमोर उभे राहिले. मी मधून बाजूला झालो, कारण माझी नोकरी संपली होती.

"बोललास," अण्णा म्हणाले.

"बोललो."

"वर गेलं न्हाई अजून. हातभर कमी हाय."

"दिसतंय मला. मोजणी खात्यात होतो."

"मंग?"

"मग काय, बोललो." काकांनी खिशातून रुमाल काढून अण्णांच्या शर्टावरचा डिंक पुसायचा प्रयत्न केला. तो आणखी पसरला. "आता तू बोल काहीतरी. माझी सवय गेलीय."

अण्णांनी खूप विचार केला. "तुझ्या झाडाच्या सुयांनी माझं गटार तुंबतंय."

"तुझी टाकी गळते. सहा वर्षं झाली. मी मांजराला सांगितलं होतं."

"भांडू नका रे पुन्हा!" आत्या जिन्यातून ओरडली. पण ती ओरडेपर्यंत शैलाकाकू बासुंदीचं पातेलं घेऊन वर आल्या होत्या आणि दोघंही वाटी कोण मोठी घेतो त्यावर वाद घालत होते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर काकांनी अकरा वर्षांचं बोलून घ्यायची पद्धत ठरवून टाकली. तोडकर म्हणाले, जे आठवेल ते बोलू. काका म्हणाले, तसं नाही, सुटून जाईल. पहिल्या वर्षापासून ओळीनं घेऊ. बुधवारी ते गच्चीवर बसले. गुरुवारी बसले. शुक्रवारी शैलाकाकूंनी सामान एकटीनं बांधलं आणि आत्यानं दोघांचं जेवण गच्चीवर नेऊन दिलं.

शनिवारी दहाला ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग दार वाजवलं, मग विचारत विचारत आमच्या गच्चीवर आला. काकांनी त्याला बसायला खुर्ची दिली, मला चहा आणायला पाठवलं आणि शांतपणे सांगितलं, "जरा थांबा. आत्ताशी तिसरं वर्ष चाललंय."